गाणं अजून पक्कं झालेलं नाही, ताई

मिरजेच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलंय. लांब आहे, थोडं काटछाट करून देतो.

"सर, शेजारचे बदली होऊन गेले आणि जाताना झेब्रा फिंचची जोडी माझ्या गळ्यात घालून गेले. मडक्यात दोन पिल्लं झाली. ती मडक्यातून बाहेर पडली त्याच आठवड्यात नर गेला. पिंजरा गॅलरीत, दुपारचं ऊन, आणि मी लग्नाला गेलेली. ते अजून मनातून जात नाही. मादीनं एकटीनं दोघांना वाढवलं. आज पिल्लं ६८ दिवसांची झाली, कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. एकाची चोच लाल झालीय, गालावर नारिंगी ठिपके आलेत. तो गातो, पण ते गाणं म्हणजे गंजलेल्या बिजागरीचं दार. एकच सूर ओढत राहतो आणि मधेच खर्र करतो. दुसरं पिल्लू तर मुकंच आहे. यूट्यूबवर फिंचचं गाणं सापडलं, ते मी सकाळ-संध्याकाळ मिळून चार तास लावते. दोन आठवडे झाले, काही फरक नाही. दुकानदार म्हणतो, एखादी लाल मुनिया आणून सोबत ठेवा, ती शिकवेल. आमचे हे म्हणतात, त्याच्या डोक्यातच काही नाही, झाडावर सोडून दे. त्याच्या मेंदूत खरंच काही बिघाड आहे का? माझ्या चुकीनं झालं का? आणि वेळ गेली का? ता. क. सूनबाई नऊ महिन्यांच्या नातवाला टॅबवर इंग्रजी गाणी लावून देते. पिल्लाचं पाहून आता त्याचीही काळजी वाटायला लागलीय."

ताई,

आधी ते मुकं पिल्लू. ते मुकं नाही, ती मुलगी आहे. तिची चोच नारिंगीकडे झुकलेली असेल, गाल करडेच असतील, छातीवर बारीक काळ्या रेघा नसतील. बघून घ्या. झेब्रा फिंचमध्ये गाणं नराचं. मादी हाका मारते, जत्रेतल्या पिपाणीसारखं पीं-पीं करते, पिल्लांशी कुजबुजते, पण गात नाही. तुमच्याकडची आईसुद्धा कधी गायली नसेल. तेव्हा एक काळजी इथेच मिटली.

ती का गात नाही यातच तुमच्या लेकाच्या, म्हणजे त्या गाणाऱ्या पिल्लाच्या, प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे, म्हणून जरा थांबतो. १९७६ साली फर्नांडो नॉटेबोम आणि आर्थर आर्नल्ड यांनी फिंच आणि कॅनरीच्या मेंदूचे काप तपासले. गाण्याचं काम करणारे पेशींचे पुंजके नरात मादीपेक्षा इतके मोठे निघाले की फरक साध्या डोळ्यांना दिसावा. पुढे १९८५ मध्ये मासाकाझू कोनिशी आणि अकुतागावा यांनी पिल्लांच्या मेंदूत हा फरक पडतो कसा ते पाहिलं. गाण्याचे दोन मुख्य पुंजके आहेत. वरच्याला एचव्हीसी म्हणतात, खालच्याला आरए. गाणं कुठल्या क्रमानं म्हणायचं ते वरचा ठरवतो, आणि खालचा तो हुकूम गळ्याच्या स्नायूंकडे धाडतो. वरच्या पुंजक्यातून निघालेले तंतू पिल्लू अगदी लहान असतानाच खालच्याच्या दारापर्यंत येतात, पण आत जात नाहीत. लग्नघरी पाहुणे ओसरीवर बसून राहावेत तसे बाहेर थांबतात. नराचं पिल्लू साधारण ३०-३५ दिवसांचं झालं की ते आत शिरतात आणि जोडणी सुरू होते. मादीत ते ओसरीवरच राहतात. घर बांधून तयार आहे, वायर खांबापर्यंत आलीय, पण मीटर बसलेलंच नाही, असं समजा.

म्हणजे एकाच मडक्यात, एकाच आईच्या चोचीतून भरवलेल्या भावंडांपैकी एकाची तार जोडली गेली आणि दुसरीची नाही. यात कुणाची हुशारी नाही की कुणाचा मठ्ठपणा नाही.

मात्र तिला गाणं कळत नाही असं समजू नका. गाणाऱ्या नरांत वाढलेली मादी पुढे चांगलं गाणं आणि भिकार गाणं बरोबर वेगळं करते. गाणं न ऐकताच वाढलेल्या माद्यांना ती निवड नीट जमत नाही. म्हणून मी खाली जे करायला सांगणार आहे, त्यात तिचाही फायदा आहे.

आता लेकाकडे येऊ. यजमानांना सांगा की त्याच्या डोक्यात भरपूर काही आहे. आहे ते नुसतं वाट बघतंय.

नराच्या मेंदूत गाण्याच्या दोन वाटा असतात. एक वर सांगितलेली, एचव्हीसीकडून आरएकडे येणारी. दुसरी आडवाट आहे, एलमॅन नावाच्या पुंजक्यातून त्याच आरएकडे येणारी. पिल्लू महिन्याभराचं झालं की चोच मिटून, पिसं फुगवून पुटपुटायला लागतं. आपल्या तान्ह्याच्या 'बा-बा-गू-गू' सारखं. पूर्वी सगळ्यांना वाटायचं की ही मोठ्या गाण्याचीच कच्ची आवृत्ती आहे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत आरोनोव्ह, अँडलमन आणि मिकेल फी यांनी लहान नरांचा एचव्हीसी निकामी करून पाहिला. पिल्लांचं पुटपुटणं चालूच राहिलं. एलमॅन बंद केला तेव्हा मात्र ते थांबलं. म्हणजे बाळाची बडबड आणि मोठ्याचं गाणं मेंदूच्या दोन वेगळ्या जागांतून येतात. आधी आडवाट बडबड करवते. मग मुख्य वाट हळूहळू पक्की होते आणि सूत्रं आपल्या हातात घेते.

साराह बॉटजर आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्येच याची दुसरी बाजू दाखवली होती. एलमॅन काढलेला मोठा नर आपलं पाठ झालेलं गाणं तसंच म्हणत राहिला. तेच लहान पिल्लात केलं तर शिकणं तिथेच गोठलं. सायकल शिकताना मागून कॅरियर धरून धावणारा काका आठवतो ना? पोर तोल सांभाळायला लागलं की त्यानं हात सोडला तरी चालतं. पहिल्याच वळणावर सोडला तर पोर आणि सायकल दोन्ही गटारात.

तुमच्या पिल्लाचा काका जागेवर आहे आणि तारही जोडलेली आहे. कमी पडलंय ते एकच, नक्कल करायला समोर गाणारा.

वेळापत्रक साधारण असं असतं. २५व्या दिवसाच्या आसपास नराचं पिल्लू ऐकलेलं गाणं मनात साठवायला लागतं. महिन्याभराचं झालं की बडबड सुरू होते. पन्नाशीच्या पुढे त्यात बापाचे तुकडे ओळखू येतात. ६५व्या दिवसापर्यंत साठवण बहुतेक पुरी होते आणि ९०व्या दिवसाच्या सुमारास गाणं पक्कं बसतं. मग आयुष्यभर तेच, जेमतेम सेकंदाभराचं, पुन्हा पुन्हा. तुमचा नर गेला तेव्हा पिल्लं २० दिवसांची असतील. साठवण सुरू व्हायच्या आधीच शाळेचे मास्तर गेले.

असं झालं की पक्षी गप्प बसत नाही. तो स्वतःच काहीतरी जुळवतो. १९५०च्या दशकात केंब्रिजला विल्यम थॉर्प यांनी चॅफिंच नावाच्या पक्ष्याची पिल्लं मोठ्यांपासून तोडून वाढवली. आवाजाची आकृती कागदावर काढणारं यंत्र तेव्हा नुकतंच हाती आलं होतं. त्या आकृत्यांत दिसलं की ही पिल्लं गायली, पण ओबडधोबड. झेब्रा फिंचचंही तेच होतं. ओढलेले लांब सूर, खरखर, बेताल पुनरुक्ती. तुमची गंजलेली बिजागरी! ताई, तुम्ही प्रयोगशाळेच्या वहीत लिहावं इतकं नेमकं वर्णन केलंय.

मी हे नुसतं वाचून सांगत नाही. पहिली फिंच पाळली तेव्हा एक पिल्लू मी अभ्यासाच्या खोलीत एकटं ठेवलं, माझ्या सोबतीला. दिवसभर रेडिओ चालू असायचा. मला वाटलं, एवढं संगीत कानावर पडतंय तर हा फिंचांतला गवई होणार. तीन महिन्यांनी तो जे म्हणायला लागला ते ऐकून बायको म्हणाली, "मिक्सरमध्ये चमचा राहिलाय का?" शेवटपर्यंत तो तसाच गायला. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माणसानं केलेली ही चूक आहे, म्हणून सांगतोय. तुमच्याकडे मात्र अजून दिवस शिल्लक आहेत.

ते कसे, हे नीट सांगतो, कारण तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तोच आहे. 'वेळ गेली का?'

पुस्तकात '६५ दिवस' असा आकडा दिसतो आणि माणसाला वाटतं की ६६व्या दिवशी दार लागलं. ते तसं नाही. तो आकडा बापाजवळ वाढलेल्या पिल्लांचा आहे. १९८०च्या दशकात लुसी एल्स हिनं नर कधी न पाहिलेली, माद्यांनीच वाढवलेली पिल्लं घेतली आणि ६५ दिवस उलटून गेल्यावर त्यांना गाणारा नर दिला. त्यांनी त्याच्याकडून शिकून घेतलं. ज्याला शिकायला मिळालं त्याचं दार लागतं, ज्याला मिळालं नाही त्याचं बराच काळ किलकिलं राहतं.

मेंदूत याचं काय होतं ते पुढे दिसलं. २०१० मध्ये ड्यूक विद्यापीठात रिचर्ड मूनी यांच्या गटानं दोन महिन्यांची, गाणं न ऐकलेली पिल्लं घेतली. तुमच्या लेकाचंच वय धरा. त्यांच्या एचव्हीसीतल्या पेशींवरचे बारीक काटे त्यांनी सूक्ष्मदर्शकातून रोज पाहिले. या काट्यांवर दुसऱ्या पेशींचे निरोप येऊन पोचतात. पिल्लांत ते सतत उगवत होते आणि गळत होते, पावसाळ्यात अंगणात उगवणाऱ्या तणासारखे. मग पिल्लांसमोर पहिल्यांदा गाणारा नर आणला. दुसऱ्याच दिवशी काटे स्थिरावले आणि मोठे झाले. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की ज्या पिल्लांत आधी ही उगव-गळ जास्त होती त्यांनी पुढे नक्कल जास्त चांगली केली. बाहेरून बघणाऱ्याला जो अस्थिरपणा वाटतो ती शिकण्याची तयारी होती.

आणि दार लागतं कसं? न्यूयॉर्कमध्ये मायकेल लाँग यांच्या प्रयोगशाळेतून २०१६ साली याचं छान उत्तर आलं. पिल्लानं गुरूचं गाणं ऐकलं की त्याच्या एचव्हीसीतल्या पेशी धडधडायला लागतात. मोठ्या पक्ष्यात त्या गप्प असतात, कारण आजूबाजूच्या आवर घालणाऱ्या पेशी त्यांना दाबून धरतात. हा आवर एकदम येत नाही. गाण्याचा जो तुकडा पिल्लाला नीट जमला, नेमका त्याच तुकड्यावर येतो. न जमलेला तुकडा उघडाच राहतो. गृहिणी भरलेल्या बरणीला फडकं बांधते आणि रिकामी तशीच ठेवते, तसं. पाठ झालेलं बिघडू नये म्हणून ही काळजी. तुमच्या पिल्लाच्या बरण्या बहुतेक रिकाम्या आहेत, म्हणून मी म्हणतोय की घाई करा.

घाई यासाठी की रिकामी बरणीही कायम उघडी राहत नाही. तो स्वतःच्याच बिजागरीची तालीम करतोय. तीन-चार महिन्यांचा झाला की तेच थोडंफार पक्कं बसेल. मग दार हलवता येतं, पण जोर लागतो आणि नक्कल अर्धीमुर्धी होते.

आता यूट्यूब. बंद करा. आजच. त्यात तुमचा हेतू वाईट नव्हता, पण फिंचच्या पिल्लाला असं नुसतं कानावर ओतलेलं गाणं फारसं लागत नाही. चकित करणारा निष्कर्ष १९९९ चा आहे. ओफर चेर्निखोव्स्की, नॉटेबोम आणि सहकाऱ्यांनी पिल्लांना कळ दाबून गाणं ऐकायची सोय दिली. दिवसाला गाण्याची जेमतेम ४० आवर्तनं, सगळी मिळून अर्धा मिनिट, एवढ्यावर पिल्लांनी बऱ्यापैकी पूर्ण नक्कल केली. आवर्तनं वाढवली तशी नक्कल बिघडत गेली. तुम्ही चार तास लावता! त्याच्या दृष्टीनं तो समोरच्या रस्त्यावरचा भोंगा आहे. शाळेत तुम्हीही पाहिलं असेल, पाढे दिवसभर घोकून घेतले की पोरांचं तोंड चालतं आणि लक्ष खिडकीबाहेर असतं.

समोर जिवंत पक्षी असणं याला फार मोल आहे. कॅलिफोर्नियातल्या पांढऱ्या टोपीच्या चिमण्यांवर पीटर मार्लर यांनी काम केलं. टेपवरून शिकवलं तर त्यांचा काळ ५०व्या दिवसाच्या आसपास संपतो, असं दिसलं होतं. मग १९८४ मध्ये लुईस बाप्टिस्टा आणि पेट्रिनोविच यांनी टेपच्या जागी जिवंत पक्षी ठेवला, तर ५० दिवसांनंतरही पिल्लं शिकली. इतकंच नाही, परजातीच्या पक्ष्याचं गाणंही उचललं. टेप म्हणत होती वेळ संपली, पक्षी म्हणत होता बस इथे.

यावरून दुकानदाराच्या लाल मुनियेकडे येतो. आणू नका. पहिलं कारण कायद्याचं. लाल मुनिया असो, ठिपकेवाली मनोली असो की पोपट, आपल्याकडचे रानपक्षी पकडणं आणि पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. झेब्रा फिंच ऑस्ट्रेलियाकडचा, पिंजऱ्यातच पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेला, म्हणून तो चालतो. दुकानदाराला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. दुसरं कारण म्हणजे तो शिकेलही, आणि हीच पंचाईत आहे. क्लाउस इमेलमन या जर्मन शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात झेब्रा फिंचची पिल्लं बंगाली फिंचच्या जोडीखाली वाढवली. (बंगाली फिंच म्हणजे आपल्या घाटांत दिसणाऱ्या पांढऱ्या कमरेच्या मुनियेचा जपानात माणसाळलेला भाऊबंद.) शेजारी स्वतःच्या जातीचे नर गात असूनही पिल्लांनी पालक बापाचं गाणं उचललं. जो भरवतो, जवळ बसतो, त्याच्याकडून शिकायचं, असा त्यांचा हिशेब. मुनियेसारखं गाणारा झेब्रा फिंच घेऊन तुम्ही करणार काय? फिंच मादी त्याच्याकडे ढुंकून बघेल का, सांगता येत नाही.

आणि सोडून देणं तर नकोच. त्याला मिरजेतला कावळा ठाऊक नाही. संध्याकाळपर्यंत टिकणार नाही.

करायचं ते असं. वर्षभराचा, चांगला गाणारा झेब्रा फिंच नर शोधा. सांगली-कोल्हापूरकडे घरी फिंच वाढवणारे बरेच जण आहेत. पेट शॉपच्या गोंगाटात न घेता कुणाच्या घरी जाऊन घ्या आणि अर्धा तास बसून ऐका. चांगल्या नराचं गाणं दर वेळी तंतोतंत तेच असतं, अडखळत नाही, सेकंदभरात संपतं आणि लगेच पुन्हा सुरू होतं. मोबाइलवर दोन-तीनदा रेकॉर्ड करून एकामागे एक लावा, फरक कळतो. रंगावर जाऊ नका, पांढरा असो की करडा.

नवीन पक्षी रोग घेऊन येऊ शकतो. एरवी मी त्याला महिनाभर दुसऱ्या खोलीत ठेवा म्हटलं असतं. तुमच्याकडे महिना नाही. म्हणून वेगळा पिंजरा, वेगळं दाणापाणी, आधी घरच्यांची साफसफाई आणि मग त्याची, हात धुवून. पण खोली तीच, दोन हातांवर, एकमेकांना दिसतील असा. विष्ठा पातळ, पिसं फुगलेली, शेपूट हलवत धापा टाकणं, असं काही दिसलं तर लगेच पशुवैद्याकडे. दोन-तीन आठवडे ठणठणीत गेले की पिंजरे एकमेकांना चिकटवून ठेवा. एकाच पिंजऱ्यात घालण्याची घाई नको. तो आणि पिल्लांची आई जोडी जमवतील आणि मग तरण्या पोराला टोचा मारत हाकलतील. जाळीआडून शिकवणी चांगली चालते. मडकी काढून ठेवा, नाहीतर आई-मुलगा, बहीण-भाऊ असली भलतीच अंडी येतील.

आईला मात्र दूर नेऊ नका. २०१९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या दोघांनी दाखवलं की पिल्लू गाता गाता मादीनं पिसं फुलवून प्रतिसाद दिला तर त्याची नक्कल सुधारते. ती स्वतः गात नाही, पण दाद देते. तुम्हीही बघा, तो पुटपुटत असताना ती एखादा क्षण फुगते.

रात्रीची झोप सांभाळा. संध्याकाळी साडेसात-आठला पिंजऱ्यावर सुती कापड, टीव्हीचा उजेड नको. सेबास्तियाँ डेरेग्नोकूर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मोजून पाहिलं, की शिकणाऱ्या पिल्लाचं गाणं झोपेनंतर सकाळी आदल्या दिवसापेक्षा बिघडलेलं असतं, आणि दिवसभरात ते पुन्हा सावरतं. ज्यांचं सकाळी जास्त बिघडायचं, त्यांची शेवटची नक्कल जास्त चांगली उतरली. तेव्हा सकाळी सात वाजता ऐकून यजमानांनी शेरा मारला तर तो नोंदवू नका. संध्याकाळी पाचला ऐका.

नराचं पहिलं गाणं तुमचा लेक ऐकेल तो क्षण चुकवू नका. माझ्याकडचं असं एक पिल्लू, एका मित्राकडून आलेलं, ७१ दिवसांचं होतं. रोज पिंजरा डोक्यावर घेणारं. म्हाताऱ्या नरानं शेजारच्या दांडीवर गळा फुगवला आणि ते जिथे होतं तिथे थांबलं. चोचीत राळ्याचा दाणा, तो सोलायचाही विसरला. मान एका बाजूला. गाणं संपलं तरी तसंच. मग सरकत सरकत जाळीपर्यंत गेलं आणि गजाला छाती टेकवून बसलं. पुढचे काही दिवस दुपारी ते सारखं तिथेच सापडायचं. काटे स्थिरावले वगैरे मी वर लिहिलं, पण मला तो न सोललेला दाणाच आठवतो.

त्यानं पूर्ण गाणं उचललं नाही, हेही सांगतो. चार तुकड्यांपैकी तीन घेतले आणि चौथ्या जागी स्वतःचा एक लांब सूर ठेवला. तुमचाही असंच करेल अशी तयारी ठेवा. आणि समजा काहीच उचललं नाही, बिजागरी तशीच राहिली, तरी त्यानं नावं ठेवण्यासारखं काही केलेलं नाही. ओल्गा फेहेर, चेर्निखोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये असे एकट्यानं वाढलेले, वेडंवाकडं गाणारे नरच गुरू म्हणून ठेवले. शिष्यांनी नक्कल केली, पण थोडी नीट करून. त्यांच्या शिष्यांनी आणखी थोडी. तीन-चार पिढ्यांत गाणं रानातल्या फिंचच्या जवळ आलं.

तुमच्या चुकीबद्दल. पिंजरा उन्हात राहिला ही चूक होती, ती नव्हती असं मी म्हणणार नाही, तुम्हालाही ते खोटं वाटेल. मेपर्यंत पिंजरा आतल्या भिंतीला हलवा आणि बाहेरगावी जाताना शेजारी किल्ली ठेवा. पण त्यानं पिल्लाच्या मेंदूत बिघाड झाला, हे मात्र खरं नाही.

आता नातू. मी पक्ष्यांचा माणूस, बाळांच्या बाबतीत सूनबाईंपेक्षा मला जास्त कळतं असा आव आणत नाही. पण तुम्ही नेमकं नऊ महिने लिहिलंत म्हणून एक गोष्ट सांगतो. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये अमेरिकेतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. काहींशी चिनी बोलणारी माणसं बारा बैठकांत खेळली, बोलली, त्यांनी पुस्तकं दाखवली. काहींना तेच सगळं पडद्यावर दाखवलं, काहींना नुसतं ऐकवलं. चिनी उच्चारातले बारकावे पहिल्या गटाला ओळखता आले. पडद्यावाल्यांना आणि नुसतं ऐकणाऱ्यांना नाही. टॅबमुळे पोराचं कायमचं नुकसान झालं, असं यातून निघत नाही, तेव्हा सुनेशी वाद घालू नका. तुम्ही त्याला मांडीवर घेऊन 'अडगुलं मडगुलं' म्हणा. तो तुमच्या तोंडाकडे बघेल.

नर मिळाला की पहिल्या दिवशी लेकाचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, मग दर रविवारी संध्याकाळी एकदा. कॅलेंडर आहेच. ९०व्या आणि १२०व्या दिवसाचं मला पाठवा. बिजागरीचंही पाठवा, मला माझ्या मिक्सरच्या चमच्याशी ताडून बघायचंय.